मुंबईवाली आणि कलकत्तेवाली

"जोड दाखवा."

दुकानदारानं काहीही पुढं ठेवलं, तरी आबा त्याला हात लावायचे नाहीत. दोन बोटं वर करायचे आणि एवढंच म्हणायचे. काड्यांची पेटी असो, विळा असो की देवापुढं फोडायचा नारळ, एकटी वस्तू त्यांनी जन्मात विकत घेतली नाही. आधी दोन बघायच्या, मग एक घ्यायची. कारण विचारलं तर म्हणायचे, "येकट्या बैलाची चाल कळत न्हाई, मास्तर. जुवाला दोन लावले म्हंजे कोन ओढतो अन् कोन नुसता चालून राहिला, त्ये बराबर समजतं."

मी तेव्हा शिरड शहापूरच्या पुढं, पूर्णेच्या काठावरच्या एका गावात शाळामास्तर होतो. आबांची शेती नदीला लागून. त्यांचं नाव मी सांगत नाही. सगळं गाव आबाच म्हणायचं, आणि आता त्यांना जाऊनही खूप वर्षं झाली.

गावात दुसरा न्हावी राहायला आला तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला माणसाचा अंदाज येईल. आबांनी उजवा गाल जुन्या न्हाव्याकडून करून घेतला आणि डावा नव्याकडून. मग तीन दिवस भेटेल त्याला थांबवून दोन्ही गालांवर हात फिरवायला लावला. गावाचं एकमत झालं नाही, आबांचंही झालं नाही. त्यामुळं ते शेवटपर्यंत अर्धी दाढी इकडं आणि अर्धी तिकडं करत राहिले. न्हाव्यांनाही बिचाऱ्यांना सवय झाली. एकजण आपलं काम उरकून दुसऱ्याला हाक मारायचा.

जावईसुद्धा असाच निवडलेला. एकुलती एक मुलगी, कौसा. तिला बघायला आलेली दोन मुलं आबांनी एकाच दिवशी बोलावली आणि एकाच घोंगडीवर शेजारी शेजारी बसवली. त्यातला एक चिडून उठून गेला. दुसऱ्याला हसू आवरेना. आबांनी हसणारा घेतला. त्याचं गाव नदीच्या पलीकडं, अगदी समोर. सकाळी कौसाच्या चुलीचा धूर निघाला की आबांना आपल्या ओट्यावरून दिसायचा.

पण मध्ये पूर्णा होती. आठ महिने गरीब गाय, आषाढ लागला की कोणाची नाही. पूल नव्हता, नाव नव्हती. आमच्याकडं पावसाळ्यात नदी ओलांडायला हळद शिजवायची कढई वापरत. लोखंडाची, गुऱ्हाळाच्या काहिलीएवढी. तीत चार माणसं उकिडवी बसायची आणि भोई पोहत पोहत ती ढकलत न्यायचे. कितीही घासली तरी तिच्या बुडाला हळद राहायचीच. नदी ओलांडून आलेला माणूस पाठमोरा झाला की लगेच ओळखू यायचा.

कौसाचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. सासरच्यांनी "आज धाडतो, उद्या धाडतो" करत आषाढ आणला. शेवटी तिला कढईत बसवून आणली, तेव्हा नदीच्या मध्यावर पाऊस कोसळला. वर आभाळ, खाली लोखंड. पोर आतपर्यंत भिजली, तापानं फणफणली. ती वाचली. लेकरू नाही वाचलं. त्या वर्षी आबांनी कढईत हळद शिजवली नाही.

अशात कुरुंद्याहून त्यांच्याकडं हळदीच्या नमुन्याची एक पुडी आली. पुडी होती कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या पानाची. आबा ते पान घेऊन शाळेत आले. हळद त्यांनी वाटेतच सांडली होती.

"मास्तर, ह्या नावंवर खोली हाये."

"तिला केबिन म्हणतात, आबा."

"आत मानूस भिजतं का?"

"नाही भिजत."

"आडवं पडता येतं का?"

खाली छापलं होतं, आत दोन माणसांची झोपायची सोय. मी वाचून दाखवलं. आबांनी दोन बोटं वर केली. सुदैवानं पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एका कारखान्याची जाहिरात होती. एक मुंबईचा, एक कलकत्त्याचा. दोन्हीकडं मी पत्रं टाकली आणि महिन्याभरात दोन जाडजूड सूचीपत्रं येऊन पडली. तिथून माझ्या आयुष्याची काही वर्षं नावांत गेली.

आबा नावा बघायचे त्या बैलबाजारातल्या डोळ्यांनी. मुंबईवालीचा पुढचा भाग उंच, तो त्यांना आवडला. "मान चांगली हाये." पण तिचं पोट खोल होतं. "ही उन्हाळ्यात वाळूत बसंल, उठायची न्हाई." कलकत्तेवाली सपाट पोटाची, कमी पाण्यावर चालणारी, केबिनही हातभर लांब. तिच्यावर आबांचं मन जवळजवळ बसलंच होतं. तेवढ्यात मी नको तो मजकूर वाचला. केबिनच्या मागं शौचकूप होतं.

"नावंत?" आबा ताडकन उठले. "अन् खाली पूर्णामाय?"

चार दिवस त्यांनी कलकत्त्याचं नाव काढू दिलं नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं : तेवढी खोली वगळून नाव मिळेल काय, आणि त्या जागी पाण्याचा रांजण बसेल काय. कारखान्यानं उलट टपाली कळवलं, बसेल. मग मुंबईवाल्यांनाही विचारणं आलं, तुमच्या नावेत रांजण कुठं बसतो. मुंबईवाल्यांनी बहुधा कलकत्त्याचा वास घेतला असावा. त्यांनी रांजणासकट नवा नकाशाच पाठवला.

त्यांचा एक प्रश्न होता, आपल्या बंदरात पाण्याची खोली किती?

"लिवा," आबा म्हणाले. "आसाढात तीन पुरुष, चैतात घोटाभर."

मी तसंच लिहिलं. मुंबईत ते पत्र कोणी कोणी वाचलं असेल, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

कागदावरचे फूट-इंच आबांना पटायचे नाहीत. एका उन्हाळ्यात त्यांनी आपल्या खळ्यात राखेनं दोन्ही नावा जशाच्या तशा आखल्या. केबिन, बाकडी, चूल, रांजण, सगळं. मग गावाला बोलावून आत बसवलं. म्हातारी माणसं मुंबईवालीत बसली, कारण तिच्यावर लिंबाची सावली होती. बाया कलकत्तेवालीत बसल्या आणि चूल दाराशी का, यावरून त्यांची जुंपली. आबा काठी घेऊन फिरत होते. "ओ काकू, पाय भाईर काढू नका, बुडसाल!" आणि काकूंनी खरोखर पाय आत घेतला. त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. पाणवठ्यावर बाया एकमेकींना मुंबईवाली नि कलकत्तेवाली म्हणू लागल्या. वाचकहो, त्यातल्या एकीनंही कधी मुंबई बघितली नव्हती, कलकत्ता तर दूरच.

पुढं मुंबईवाल्यांचा एक माणूस खरंच आला. इतकी बारकाईनं पत्रं लिहिणारा गृहस्थ मोठा जहागीरदार असणार, अशी त्याची समजूत. चैत्राचं ऊन, डोक्याला टोपी, हातात कातडी पेटी, अंग बैलगाडीत खिळखिळं झालेलं. आबा त्याला काठावर घेऊन गेले.

"नदी किधर है?" त्यानं विचारलं.

"हीच." आबांनी काठीनं दाखवली. त्याच वेळी एक शेळी नदी ओलांडून पलीकडं गेली. तिचं पोटसुद्धा भिजलं नाही.

आबांनी त्याला ताक पाजलं, खळ्यातल्या राखेच्या नावेत बसवलं आणि केबिनच्या लांबीबद्दल दोन तास छळलं. जाताना त्यानं काकुळतीला येऊन विचारलं, "लेकिन लेंगे कब?"

"कलकत्तेवाला येऊन जाऊ द्या," आबा म्हणाले. "जोड बघून सांगतो."

मला त्या दिवशी आबांचा राग आला होता. इतकी वर्षं पत्रं खरडून माझी बोटं झिजली होती, आणि पलीकडं कौसाची कूस अजून रिकामी होती. मी तोंडावर म्हणालो, "आबा, तुम्हाला नाव घ्यायचीच नाही."

आबा चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तवा मी जोड बघितली न्हाई. इवायानं पोर कढईत बसवली, मी काठावरून व्हय म्हनलो. आता चुकायचं न्हाई मला."

मग लढाई सुरू झाली. दोन्ही कारखान्यांची पत्रं एकाच महिन्यात, एकाच मजकुराची आली : सध्या फक्त सरकारी काम, खाजगी नावा बंद. "ह्यात मातर दोगं बराबर," आबा म्हणाले, आणि सूचीपत्रं फडक्यात बांधून आढ्याला टांगली.

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या पावसाळ्यात कौसाला पुन्हा दिवस होते. या वेळी आबांनी तिला वैशाखातच आणायचं ठरवलं होतं. पण सासू आजारी पडली, कौसाचा पाय निघेना, आणि त्या वर्षी पाऊस मृगातच धो धो लागला. श्रावणात एका दुपारी पलीकडच्या काठावरच्या बाभळीला तांबडं लुगडं बांधलेलं दिसलं. काही निकड असली की पलीकडचे लोक तशी खूण करायचे. पुराच्या आवाजात हाक ऐकू जात नसे. भोई पोहून जाऊन आला आणि धापा टाकत म्हणाला, "आबा, सुईन म्हनून राहिली, लेकरू आडवं हाये. वसमतच्या दवाखान्यात न्या म्हंती. आजच."

आबांची स्वतःची कढई पडवीत होती. तशीच एक शेजाऱ्याकडं. मी मनात म्हटलं, आता हे कोणती ते बघत बसणार.

"दोनी आना," आबा म्हणाले.

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. दोन कढया शेजारी शेजारी ठेवून वरून चार लांब लाकडी बल्ल्या घट्ट आवळल्या. बल्ल्यांवर फळ्या टाकल्या. बायकांना माहेरी आणायची दमणी गाडी दारात उभी होती, तिचं कमानदार छत उचकटून फळ्यांवर बसवलं, त्यावर घोंगड्या ताणून बांधल्या. आत बाज ठेवली. आबा एकदाही अडखळले नाहीत. वजन मधोमध, दार मागच्या अंगाला, दोर कुठं, वल्हं कुठं, सगळं त्यांना पाठ होतं. बिनइंग्रजीच्या त्या माणसानं मी वाचलेला शब्द न् शब्द अंगात मुरवला होता.

तीन भोई, आबा आणि मी पलीकडं गेलो. आतून मी कोरडा उतरलो, तेव्हा आबांनी माझ्या सदऱ्याला हात लावून बघितला.

कौसाला उचलून आणली. छताखाली बाजेवर निजवली. वेदनेनं तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिनं मान वळवून चहूकडं बघितलं.

"आबा, ही मुंबईवाली का कलकत्तेवाली?"

आबांनी तिचं पांघरूण नीट केलं.

तिच्यासोबत सुईण बसली, नवरा बसला. तीन भोई होतेच. मी चढायला गेलो तर आबांनी मला धरलं. "सा झाले, मास्तर." दोन्ही सूचीपत्रांच्या शेवटच्या पानावर चौकटीत एकच ताकीद होती, ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. एवढ्या एका गोष्टीत मुंबई आणि कलकत्ता यांचं कधी दुमत नव्हतं. आबा स्वतःही चढले नाहीत. ज्या नावेसाठी त्यांनी बारा वर्षं घातली, ती निघाली आणि ते काठावर उभे राहिले. पाऊस सुरू झाला. छत डोलत डोलत पलीकडं लागलं, माणसं उतरली, गाडी वसमतच्या वाटेला लागलेली दिसली. त्यानंतर काही दिसायचं नव्हतं.

नदी आणखी चढली आणि आम्ही दोघं तिकडंच अडकलो.

व्याही जेवायला बोलवायला आले. मी गेलो. आबा काठावरून हलेनात. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कौसाच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. व्याही म्हणाले, "इवाई, अशा वक्ताला कोन रीत बघतं? काहून जिवाला तकलीफ देता?" आबा म्हणाले, "मी पूर्णेचं पानी पितो. ती कुनाची सोयरी न्हाई." दोन दिवस ते ओंजळीनं गढूळ पाणी पीत त्या बाभळीखाली बसले. मी दोन्ही वेळा व्याह्यांकडं पोटभर जेवलो आणि दर वेळी परत येऊन त्यांच्याशेजारी बसायची मला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात भोयाचं डोकं दिसलं. आबा उठून उभे राहिले, पण पुढं झाले नाहीत. भोई चिखलातून वर आला, गुडघ्यांवर हात टेकून त्यानं दम खाल्ला.

"पोरगी झाली, आबा. दोघी बराबर हायेत."

आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग चिखलानं भरलेले पाय धुतले, मुंडासं पुन्हा बांधलं आणि माझ्यासाठी न थांबता सरळ व्याह्यांच्या घरी गेले. उंबरा ओलांडून आत जाताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा, इहीनबाई."

विहीणबाई आजारातून उठलेल्या. पदरानं डोळे पुसत त्यांनी भाकरी आणि पिठलं वाढलं. आबा तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. त्यांनी एक भाकरी संपवली, दुसरी घेतली. चौदा वर्षं त्या घरच्या माणसांपुढं त्यांनी मुलीचा बाप म्हणून मान खाली घालून कशालाच नाव ठेवलं नव्हतं. आता त्यांनी मान वर केली, घास तोंडात घोळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पिठल्यात मीठ कमी हाये."

विहीणबाई रडता रडता हसल्या आणि मीठ आणायला आत गेल्या. मी शेजारीच जेवत होतो. मीठ बरोबर होतं.