ओतीलियाबाईंचा एकटीचा फोटो

ओतीलियाबाईंना फोटो काढून घ्यायची भारी हौस. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, तेव्हा कुणी त्यांच्याकडे कॅमेरा वळवला नाही. त्याची भरपाई आता पंच्याहत्तरीत चाललेली. फोन दिसला की ओठांना लाली लागलीच. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस खाल्लाय, म्हणून चांगले दाढीमिशीवाले बाप्येही रस्त्यात थांबून त्यांचा आशीर्वाद मागतात. ब्राझीलच्या ह्या पाराइबा राज्यातल्या आमच्या रखरखीत गावात वडीलधाऱ्यांपुढून आशीर्वाद न मागता जाणारा तो निर्लज्ज, असं आम्ही समजतो. आणि मागणारा तो सज्जन, असंही. इथेच आमची फसगत होते.

ऊन उतरलं की आमची आळी खुर्च्या घेऊन दारापुढे येते. मे महिन्यात ओतीलियाबाईंची खुर्ची यायची बंद झाली. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी सकाळी बाजारातून भलामोठा भोपळा आणताना मी पाहिलं होतं. मला खोटं सहन होत नाही, त्यातून शेजारणीचं तर नाहीच. उचलली माझी खुर्ची आणि जाऊन बसले त्यांच्या बैठकीत.

हळूहळू सगळं निघालं. नातू वांदेर्लेने बजावलं होतं की बाहेर बसू नको, बायका पेन्शनच्या चौकशा करतात, नजर लावतात. पेन्शन हल्ली कमी येत होती, पण ती सरकारने कापली, असं त्यानेच सांगितलेलं. मग त्यांनी कौतुकाने फोटोची गोष्ट काढली. निळा ब्लाउज घालायला लावून त्याने त्यांना भिंतीपाशी एकटीला बसवलं होतं. पापण्या मिट आजी, मान वळव आजी, असं करत फोटो काढला होता. फ्रेम करून देणार होता, ती काही अजून आली नव्हती.

माझं डोकं सणकलं. आजकाल कर्जाला सही लागत नाही, तोंड लागतं. फोनपुढे पापण्या मिटल्या, मान वळवली की कर्ज मंजूर आणि हप्ता थेट पेन्शनमधून. मी हे सांगितलं, तर बाई माझ्यावरच उखडल्या.

"माझ्या पोराला चोर म्हणतेस, लिंदाल्व्हा? येता-जाता आशीर्वाद मागतो तो माझा."

त्यांचंही बरोबर होतं. त्याची आई साओ पाउलोला गेली ती गेलीच. पोराला ह्यांनी वाढवलं, आणि त्याच्याशिवाय त्यांना दुसरं कुणी नाही. पेन्शन वाचवायला गेलं तर नातू हातचा जाईल, ही भीती मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली आणि मी गप्प बसले. ते मला फारसं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बँकेत जाऊन आल्या. काय कळलं ते बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी त्यांची खुर्ची बाहेर आली. आम्ही सगळ्याजणी आपापल्या खुर्च्या ओढत त्यांच्या दाराशी गेलो आणि मग रोज तिथेच बसू लागलो.

शनिवारी वांदेर्ले आला, नव्याकोऱ्या मोटारसायकलवरून. दारात म्हाताऱ्यांची रांग. आता एकट्या आजीचा आशीर्वाद मागून थोडंच भागणार? बिचारा एकेकीचा हात हातात घेत पुढे सरकत होता. आमच्यातल्या सेवेरीनाने "देव तुला बुद्धी देवो" म्हटलं आणि हात सोडेचना.

शेवटी तो आजीजवळ पोचला. "आत चल ना जरा. एक फोटो काढू."

"इथेच काढ. सगळ्याजणी आहोत."

"तुझा एकटीचा हवाय."

"का रे?"

त्याने फोन खिशात सरकवला.

"पैसे मागितले असतेस तर कदाचित दिले असते," ओतीलियाबाई म्हणाल्या. "नाहीतर नाही म्हटलं असतं, तू दोन दिवस रुसला असतास आणि मग जेवायला आला असतास. पण तू माझ्या हौसेवरच मला फसवलंस, वांदे. त्याचं वाईट वाटतं."

तो मान खाली घालून निघून गेला. त्या संध्याकाळी बाई फार रडल्या. सोमवारी मला सोबत घेऊन बँकेत गेल्या आणि त्यांच्या पेन्शनवर यापुढे कुणालाच कर्ज काढता येणार नाही, असा बंदोबस्त करून आल्या. जुना हप्ता मात्र चालूच राहिला. पोलिसांत जा म्हणून मी कानीकपाळी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही, आणि मला ते अजूनही पटलेलं नाही.

जूनमधला संत जॉनचा सण आला नि गेला, शेकोट्या पेटल्या नि विझल्या, वांदेर्ले फिरकला नाही. मग एके दिवशी चालत आला. मोटारसायकल विकली होती. तेव्हापासून दर महिन्याला हप्त्याचे पैसे स्वतः आणून देतो. बाई त्याला अंडं घालून कुसकुस वाढतात, त्याच्या बारीक झालेल्या अंगाला नावं ठेवतात, आणि सुखात आहेत.

त्याच्यासमोर त्या पैसे कधी मोजत नाहीत. तो गेला की मोजतात.