चिनी योद्ध्याचा पट्टा

उज्जैनच्या त्या आखाड्याच्या तांबड्या मातीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, असा नेम होता. तो नेम पाळणारे वस्ताद विष्णुपंत होते, आणि अहल्या त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या घराण्याला शिंदे सरकारकडून सालाची नेमणूक होती ती पट्ट्यासाठी. मुलगा नव्हता. विद्या कुणाच्या तरी हातात उतरायलाच हवी होती. ती घराच्या मागच्या अंगणात, भिंतीआड, अहल्येच्या हातात उतरली.

पट्टा म्हणजे लांब, लवचीक पात्याची तलवार. तिची मूठ पार कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळत नाही. सगळं काम खांद्याचं आणि कमरेचं.

संस्थान विलीन झालं, नेमणूक बंद झाली, मागोमाग विष्णुपंतही गेले. आखाडा पंचांच्या, म्हणजे भय्यासाहेबांच्या मुठीत आला. संस्थान गेलं, भय्यासाहेबांच्या संस्थानी मिशा तेवढ्या राहिल्या. वस्तादाची जागा रिकामी होती. अहल्येला ती हवी होती. दुसरं काही नको होतं. तिने तसं विचारलं, तर ते पोट धरून हसले.

"बेटा, आखाडा काय हळदीकुंकू आहे?"

मग मुंबईच्या एका फिल्म कंपनीला शस्त्र चालवणारा माणूस हवा झाला. त्यांचा नवा सिनेमा चीनचा होता. बादशहा गेलेला, मुलूख सरदारांनी वाटून खाल्लेला, ज्याची फौज त्याचं राज्य. असाच एक सरदार गाव जाळतो, आणि तोंडावर काळं फडकं बांधलेला एकटा योद्धा त्याचा सूड घेतो. नायकाला घोड्यावर नीट बसता येत होतं. शस्त्र धरता येत नव्हतं. विष्णुपंतांचं नाव ऐकून कंपनीचा माणूस उज्जैनला आला, तर त्यांच्या तसबिरीला हार. अहल्येने त्याला मागच्या अंगणात नेलं आणि पट्टा फिरवून दाखवला.

"बाईजी, चेहरा तो ढका रहेगा. चलिए," तो म्हणाला.

"पण चीनमध्ये पट्टा कुठला?"

"पब्लिक को क्या मालूम!"

बाई एकटी मुंबईला कशी जाणार? म्हणून वडिलांचा जुना शागीर्द श्रीनाथ सोबतीला गेला. तिथे अहल्येने सरदाराची फौज कापली, जळत्या छपरावरून उड्या मारल्या, खांदा सोलवटून घेतला. श्रीनाथने सावलीत बसून भजी खाल्ली.

छप्पन साली तो खेळ उज्जैनला लागला. गावात सगळीकडे भोपाळ राजधानी होणार हेच बोलणं चाललेलं. अहल्या बायकांच्या बाकांवर बसली होती, आखाड्याची मंडळी खाली पडद्यासमोर. योद्ध्याने शेवटचा वार केला, पट्टा डाव्या खांद्यावरून फिरवला आणि तो एका गुडघ्यावर उतरला.

खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, ये तो अपने पंतांचा हात!"

शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. हात ओळखला त्यांनी. फडक्याआडची बाई ओळखली नाही. मुंबईला कोण गेलं होतं? श्रीनाथ. मग तो श्रीनाथच. लोक त्याच्या घरी येऊन पाठ थोपटून गेले. त्याने मिशीला पीळ दिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. असली माणसं फार लांब जातात.

अहल्या भय्यासाहेबांकडे गेली. "ती मी होते."

"चीनमध्ये बायका लढतात वाटतं?" ते म्हणाले. ओसरीवरची मंडळी खदखदून हसली.

नागपंचमीला श्रीनाथला वस्तादाचं पागोटं बांधायचं ठरलं. त्या आखाड्याची रीत अशी की नव्या वस्तादाने भर मातीत उभं राहून जिवंत माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापायचं. लिंबाची दोन शकलं, तळहाताला ओरखडा नाही. मग पागोटं.

श्रीनाथने आखाड्यात पूजेला ठेवलेला विष्णुपंतांचा पट्टा चढवला. भय्यासाहेबांनी हाक दिली, "हात कोण देतो?"

पडद्यावरच्या वाराला टोप्या उडवणारे पैलवान एकमेकांच्या पाठीमागे सरकले. पडद्यावरचा हात श्रीनाथचा नव्हता, हे त्यांना कळत होतं. सगळ्यांना कळत होतं.

अहल्येने चपला काढल्या आणि ती मातीत उतरली. ओरडा झाला. तिने डाव्या तळहातावर लिंबू ठेवलं.

"काप."

"ताई, जाऊ दे ना," श्रीनाथ पुटपुटला.

"काप. नाहीतर या सगळ्यांना सांग, कोण होतं ते."

"बाई आपणहून आलीये. मार रे!" भय्यासाहेब गरजले.

श्रीनाथने डोळे मिटले. मिटून वार केला. लिंबू कापलं गेलं. तळहातही कापला गेला, अंगठ्याच्या मुळापासून. मातीवर रक्त पडलं.

क्षणभर ढोल थांबला.

"लिंबू तर कापलं ना?" भय्यासाहेब म्हणाले. "बाईनेच हात हलवला."

हात हलला नव्हता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं. ढोल पुन्हा वाजू लागला. श्रीनाथने पट्टा उतरवून ठेवला आणि पागोट्यासाठी डोकं वाकवलं.

अहल्येने पदर दातांनी फाडून हाताला आवळला. खाली ठेवलेल्या पट्ट्यात उजवा हात घातला.

"झालं तुमचं? आता माझी पाळी. श्रीनाथ, हात दे."

नव्या वस्तादाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"भय्यासाहेब, तुम्ही द्या. लिंबू कापलं की झालं, असं तुम्हीच म्हणालात ना?"

भय्यासाहेब पागोट्याचा पीळ नीट करत राहिले. तिने एकेकाकडे पाहिलं. जो तो मातीकडे पाहत होता, जणू तिथे काही सांडलं होतं. सांडलं होतंच.

ती वळली आणि पट्ट्यासकट चालू लागली.

"ए, पट्टा आखाड्याचा आहे! ठेव तो!"

ती दारात थांबली. "आखाड्याचा आहे ना? मग या, न्या."

कुणी गेलं नाही. त्या दुपारी वस्ताद श्रीनाथची मिरवणूक निघाली. पुढे ढोल, गळ्यात हार, डोक्यावर पागोटं. हातात लाठी.