पोरांनी कॉम्प्युटरवर बांधलेली आमची वाडी

मंडळी, आज शाळेत जाऊन आले. पोरांनी कॉम्प्युटरच्या गेममधी आपली वाडी बांधली, ती बघायला गुरुजींनी बोलावलेलं.

शाळेत चारच पोरं उरलीत, पण कामं नीट वाटून घेतली. कोणी जोती घातली, कोणी भिंती, कोणी कौलं चढवली. भांडण नाय, तंटा नाय. आमच्या भावकीला एक बांध मिळून घालता येत नाय.

माझ्या नातीकडं दारांचं काम होतं. बघते तर दारादाराला कुलूप!

"गो, ही काय तुरुंगाची वाडी हाय?"

"आपल्याकडं अशीच असतात ना, आजी? गणपतीला मुंबैवाले येतात तेव्हाच उघडतात."

गुरुजी हसले. मला काय हसू आलं नाय. एकच दार उघडं होतं, आमचं.

"ह्याला का नाय लावलंस?"

"तू हायस ना अजून."

येत्या जूनमधी तिचा बाप तिलाही मुंबैला नेतोय. माझ्यामागं आमच्या दाराला कुलूप लावायला तरी कोण उरणार?

तुमच्या वाडीत किती दारं उघडी हायत? खरं लिवा, उगाच फुलं पाठवू नका.