कॅनमधलं धुवायचं पाणी

चाळीस उंदीर मी दोन दिवसांत मारले, आणि त्याबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा पुढं माझ्याबद्दल उगाच आशा लावून बसणार नाही. जालन्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं सहायक होतो. शेपूट धरायची, मानेवर पेन आडवं दाबायचं आणि मागं एक हिसका द्यायचा. अर्धा सेकंद लागतो. ते मला चांगलं जमायचं, आणि बाकी कशाचं कौतुक कुणी केलं नाही म्हणून मी त्याचाच तोरा मिरवायचो.

उंदीर तिचे होते. ती आष्टीची, एमएस्सीला पहिली आलेली, आमच्या सरांकडे पीएचडी करायला आली होती. तिचा विषय साधा होता. पेशीत प्रथिनं तयार करणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. त्या कारखान्याच्याच बांधणीतलं एक प्रथिन तिला मोजायचं होतं. उंदरांना नुसत्या ज्वारीवर ठेवलं तर यकृतात ते किती घटतं आणि नंतर तुरीची डाळ दिली तर किती भरून येतं, एवढाच प्रश्न. वर्षभर तिनं स्वतः पीठ मळून, गोळ्या करून उंदरांना घातल्या. निम्मे उंदीर पार हाडकले होते. त्यांच्याशी ती बोलायची, हे मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना नक्कल करून दाखवलं होतं.

मारायची वेळ आली तेव्हा तिचा हात उचलेना. मी एक उंदीर काढून तिच्या हातात कोंबला. म्हणालो, "धरा म्याडम. डॉक्टर व्हायचंय ना? मंग धरा." उंदीर चावला, रक्त आलं. मी हसलो. मग तो आणि उरलेले सगळे मी मारले आणि प्रत्येक वेळी हिसका देण्याआधी तिच्याकडं बघितलं.

एवढा राग कशाचा? तिनं एकदा माझं पिपेट तपासलं होतं, त्याचा. पिपेट म्हणजे थेंबाचाही थेंब मोजून घ्यायचं आमचं हत्यार. तिनं त्यातून पाणी काढलं, तराजूवर तोललं आणि ते कमी भरलं. सरांसमोर, अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, हे कमी सोडतंय, कधीपासून कोण जाणे." सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बारा वर्षं झाली तुम्हाला. आता हिच्याकडून शिका." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणखी एक आहे, तेही लिहितो. ती बौद्ध घरातली आणि मी घनसावंगीकडच्या जमीनवाल्या घरातला. प्रयोगशाळेत हे कुणी बोलत नव्हतं, मीही नाही. पण "हिच्याकडून" या शब्दात मला नेमकं काय टोचलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

ते प्रथिन मोजायचं तयार किट आलं ते उशिरा. तोवर उंदरांच्या यकृताचे नमुने दुसऱ्या चाचण्यांत संपत आले होते. ही एक चाचणी होईल एवढेच थेंब उरले होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं चाळीसच उंदीर मंजूर केले होते आणि एकेचाळिसावा मिळणार नाही असं लिहून दिलं होतं. तिची फेलोशिप मार्चअखेर संपत होती. ही प्लेट नीट आली तर मुदतवाढ आणि प्रबंध, नाहीतर आष्टीला परत. हे तिला माहीत होतं, सरांना माहीत होतं आणि मलाही.

प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात शहाण्णव बारीक खळगे. नमुना घालायचा, थांबायचं, धुवायचं. मग पुढचं द्रावण, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी एक एन्झाइम घालतात. ते धुतल्यावर रंगाचं द्रावण टाकलं की जिथं प्रथिन आहे तिथं निळं होतं, आम्ल घातलं की पिवळं. जितकं पिवळं तितकं प्रथिन. या सगळ्यात अर्धं काम धुण्याचंच असतं.

धुवायचं पाणी किटसोबतच येतं, छोट्या बाटलीत, पातळ करून वापरायला. पण आमच्याकडं ती बाटली कुणी उघडत नसे. 'पुढं कामाला येईल' म्हणून ती कपाटात जायची. मुदत संपलेल्या तसल्या बाटल्यांनी आमचा एक खण भरला होता. त्याऐवजी वापरायचो मी केलेलं पाणी, वीस लिटरच्या कॅनमधलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्या दिवशी ऊर्ध्वपातन करून मी कॅन भरून ठेवायचो. उन्हाळ्यात त्यात बुरशी धरायची. बुरशी धरू नये म्हणून त्या खेपेला मी त्यात ॲझाइड नावाचं जंतू मारणारं विष टाकलं होतं, साठवणीच्या इतर द्रावणांत टाकायची सवय म्हणून, चिमटीपेक्षा जरा जास्तच. कॅनवर लिहिलं नव्हतं. आपल्यालाच वापरायचंय, लिहायचं कशाला?

सकाळी तिनं विचारलं, "दादा, धुवायला कोणतं घेऊ? किटमधलं फोडू का?"

"कॅनमधलं घे. किटमधलं ऱ्हाऊ दे."

इथवर माझ्या मनात पाप नव्हतं. ॲझाइड मी विसरलो होतो. ती एकटीच काम करत होती, मी शेजारच्या टेबलावर काचेच्या नळ्या पुसत होतो. तिनं एन्झाइम घातलं, मी डोळ्यांनी बघितलं. ओठ हलवत एकेक खळगा मोजत होती. अर्ध्या तासानं धुणं सुरू केलं. प्लेट उलटी करून जुन्या वर्तमानपत्रावर थापटायची, पुन्हा भरायची, पुन्हा थापटायची. तिसऱ्या थापटीला मला आठवलं. ॲझाइड त्या एन्झाइमला मारतं. आधीच्या धुण्यांनी काही बिघडत नाही, पण या धुण्यानं बिघडतं.

अजून काहीच गेलं नव्हतं, रंगाचं द्रावण पडेपर्यंत एन्झाइम नुसतं गुंगलेलं असतं. किटमधली बाटली माझ्या हाताच्या अंतरावर होती. रंगाचं द्रावण पडण्याआधी त्या चांगल्या पाण्यानं चार वेळा धुतलं असतं तर एन्झाइम वाचलं असतं. "थांब" एवढा एक शब्द पुरे होता. मी नळी पुसत राहिलो. तिच्या हातांची घाई बघत राहिलो. मला आनंद होत होता. पश्चात्ताप, घालमेल असलं काही तेव्हा नव्हतं. तिनं रंगाचं द्रावण घातलं, प्लेट अंधारात ठेवली आणि माझ्याकडं वळून हसली.

वीस मिनिटांनी तिनं प्लेट बाहेर काढली. शहाण्णवच्या शहाण्णव खळगे पाण्यासारखे. ती खिडकीशी गेली, उजेडात धरून बघितलं, परत आत आणली, पांढऱ्या कागदावर ठेवली. आणखी दहा मिनिटं थांबली. मग मला म्हणाली, "दादा, निळं का होऊन न्हाई राह्यलं?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मी काय पीएचडी करतो का?"

सरांनी दुपारी दोघांना बोलावलं. किटसोबत आलेले, प्रथिन असलेलेच तयार नमुनेसुद्धा कोरे राहिले म्हणजे एखादी पायरीच चुकली, हे त्यांनी लगेच ओळखलं. मला विचारलं, "तुम्ही तिथंच होता ना?"

"होतो सर. एन्झाइम घालताना मला काही ती दिसली नाही."

"घातलं, सर," ती म्हणाली. "मी घातलंय."

"कशावरून?" सरांनी विचारलं. ज्या नळीत तिनं ते कालवलं होतं ती कचऱ्यात गेली होती. वहीत वेळ लिहिलेली होती, पण वहीत काय, कुणीही लिहील. हे मीच म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. ती आठवू बघत होती.

मुदतवाढ नाकारली गेली. चाळीस प्राणी निष्काळजीपणानं वाया घालवले, असा शेरा तिच्या कागदांवर बसला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती टेबलाचा खण रिकामा करायला आली. प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. पुस्तकं पिशवीत भरून झाली तरी ती जाईना. दोन-तीनदा ॲप्रनची घडी घातली आणि मोडली.

"दादा, एक विचारू? खरं सांगा. एन्झाइम मी खरंच टाकलं न्हवतं का? मला तर डोळ्यासमोर दिसतंय टाकलेलं. पण रोज आठवून आठवून आता तेबी पक्कं वाटून न्हाई राह्यलं."

आता तिच्यापाशी हरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मी खरं सांगितलं असतं तर फार तर माझी नोकरी गेली असती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई टाकलं," मी म्हणालो. "मी बघत होतो."

तिनं मान हलवली. मग पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाऊन परत वळली.

"मंग माझंच चुकलं. खोटं कशाला बोलू दादा, इतके दिवस मला वाटून राह्यलं होतं की तुमच्या पाण्यातच काईतरी असंल. तुमच्यावर उगंच शक घेतला. माफ करा मला."

मी म्हणालो, "असू दे."