अप्पांचा त्रागा

राग आणि त्रागा यांतला फरक मला माझ्या वडिलांमुळे, म्हणजे अप्पांमुळे कळला. रागावलेला माणूस दुसऱ्याचं ताट भिरकावतो. त्रागा करणारा स्वतःचं ताट सरकवतो आणि कुणी पाहिलं का, ते हळूच बघतो. रागाला एकटेपणा चालतो, त्राग्याला माणसं लागतात. सोलापुरात आमचं भुसार मालाचं दुकान होतं. तिथं अप्पा गिऱ्हाइकांशी कसे गोडीगुलाबीनं बोलत! त्रागा सगळा घरी.

त्याची रीत ठरलेली. टोपी खुंटीला न लावता कॉटवर आपटायची, ‘आजपासून या घरातलं पाणीही मला नको’ म्हणायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. मग आईनं विनवायचं, शेजारच्या मावशींनी समजावायचं, शेवटी मी पाया पडायचं. तोवर ज्यावरून बिनसलं ती गोष्ट रद्द झालेली असे. अप्पा उठत आणि नेहमीपेक्षा जास्तच जेवत.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मला बार्शीच्या एका शाळेत नोकरी लागली. सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. रविवारी सकाळी टोपी आपटली.

“पोरगी परगावी एकटी ऱ्हानार? मी मेल्यावर पाठवा!”

मला रडूच फुटलं. पाया पडायला निघाले, तर आईनं मनगट धरलं.

“अवो, जेवायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. “डब्यात कडक भाकरी हाय. लई दिवस टिकती. कवाबी खावा.”

मावशींनाही तिनं दारातूनच परत पाठवलं. अप्पांनी चमकून मान वळवली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुपारी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून पडलो. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. मग बराच वेळ काही नाही. आणि मग ‘कट्ट’! पापडासारखी वाळलेली ती भाकरी आजवर कुणालाही गुपचूप खाता आलेली नाही. अप्पा थांबले असावेत. पुन्हा ‘कट्ट’. आई तोंडात पदर कोंबून हसत होती.

मी आत गेले आणि फळीवरची शेंगाचटणी काढून त्यांच्यापुढे ठेवली. अप्पांचे गाल फुगलेले, मिशीत भाकरीचा चुरा.

“हसू नगंस,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “बार्शीची पैली यष्टी कवा हाय? आन् ह्यातल्या चार भाकऱ्या बांधून घे. तितं रुसलीस तर जेव म्हनून कोन विनवनार हाय तुला?”