पंजाताई आणि निळ्या जेलचा डबा

पंजाताईचं खरं नाव मसाज सेंटरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. हात दणकट, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तीन पलंग, मध्ये पडदे, कोपऱ्यात बेसिन. तिथे तिने एकोणीस वर्षं लोकांच्या पाठी रगडल्या. घामट माना, भेगाळलेल्या टाचा, ओल्या मोज्यांचा वास, कशाचीच तिला किळस नव्हती. "अंग म्हटलं की हे आलंच," म्हणायची आणि बाह्या सरसावायची.

तिची पद्धत ठरलेली. आधी साधं तेल. अंगठ्याने गाठ शोधायची आणि "दुखतंय का?" विचारत हळूहळू मोकळी करायची. शेवटी तेल पुसून गार जेलचा पातळ हात फिरवायचा, की ठणका उतरायचा.

म्हाताऱ्या मालकाने काम जावयाच्या हाती दिलं आणि सगळं फिरलं.

"ताई, जेल आधी लावत जा. चांगला जाड थर," जावई म्हणाला. "माणूस आडवा झाला की लगेच गार वाटलं पाहिजे. निम्म्या वेळात उरकतं."

"अहो, अंग बधिर झाल्यावर मी किती दाबतेय ते त्याला कळणार कसं?"

"कळलं नाही तर ओरडणारही नाही. बरंच की!"

आणि तो हसला. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अंगावर पाल पडावी तसं झालं मला." तरी महिनाभर त्याचं ऐकलं. याचा तिला पुढे स्वतःचाच राग यायचा.

एकदा सकाळी ती लवकर पोचली. जावई बेसिनपाशी उभा होता. आदल्या दिवशीच्या वाट्यांमध्ये उरलेलं जेल तो चमच्याने खरवडून मोठ्या डब्यात परत टाकत होता. निळं जेल राखाडी पडलेलं. त्यात एक कुरळा केस आणि मेलेल्या कातडीचे पापुद्रे.

"हे काय चाललंय?"

"वाया कशाला घालवायचं? यात मेंथॉल असतं ताई, जंतू मरतात."

कालच एकाच्या टाचांना चोळून उरलेलं जेल आज कुणाच्या तरी मानेवर जाणार होतं, तेही तिच्याच हातांनी. कोपरापर्यंत हात साबणाने घासघासून लाल केले, तरी बोटांचा तो गार वास जाईना.

दोनच दिवसांनी शिलाईकाम करणारी एक बाई आली. खांद्यासाठी नेहमी यायची. आडोशाला नेऊन तिने ताईला पाठ दाखवली. पुवाने भरलेल्या पुळ्या, बरोबर तळव्याएवढ्या पट्ट्यात.

"तुमचा हात जिथे फिरला तिथेच आल्यात हो ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ताईला जास्तच लागलं.

"तुमची स्किनच नाजूक आहे," जावई बाहेरून म्हणाला.

ताई आत गेली, डबा उचलून आणला आणि बाहेर बसलेल्या पाच जणांसमोर टेबलावर आपटला. "बघा. वाकून नीट बघा, काय लावतो आम्ही तुम्हाला. मीही लावलंय हे, माझ्याच हातांनी." एकाने नाकाला रुमाल लावला.

जावयाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "उद्यापासून येऊ नका."

"आत्ताच निघाले."

सेंटर बंद पडेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! त्या पाचांपैकी दोघे तिच्यासमोरच आत जाऊन पलंगावर आडवे झाले. "पटकन आटपा हं," असंही एक जण म्हणाला. त्या केसाने आली नव्हती एवढी शिसारी तिला या दोघांची आली.

शिलाईवाल्या बाईच्या पुळ्या डॉक्टरच्या औषधाने पंधरा दिवसांत गेल्या. खांदा मात्र धरलेलाच होता. तिने ताईला घरी बोलावलं, मग शेजारणीने बोलावलं, मग शेजारणीच्या दिराने. आता ताई घरोघरी जाते. तेल स्वतःचं नेते, जेलची ट्यूब ज्याची त्याने आणायची. काम झालं की बोटभर जेल लावते, पण लावताना तोंड फिरवून घेते. घरातली गार चवीची टूथपेस्टसुद्धा तिने बंद केली. नवरा कुरकुरतो, पण मिठाने दात घासतो.