चहा नको म्हनला तो

रोज दोघं गोरे सायकलीवरनं वस्तीत यायचे, टाय लावून, त्यांच्या देवाचं सांगायला. त्यातला धाकला दारात थांबून पुस्तकी बोलायचा, "बाई, बाळ बरे आहे का?" एवढी इचारपूस करतो म्हनून परवा मी चहा केला, तर त्यानं कप तसाच परत दिला. माझं डोकंच फिरलं. भ्या वाटत हुतं, तरी बोलले, "आमी बौद्ध, म्हनून इटाळ हुतो व्हय सायेब?"

तो लाल झाला. "नाही बाई, आमच्या धर्मात चहा नाही. पाणी द्या."

पानी बाधंल म्हनून जोडीदार पोट दाखवून नको नको करत हुता, तरी धाकल्यानं तांब्या तोंडाला लावून सगळा रिकामा केला. त्याच्यावरचा राग गेला. एवढ्या लांबचा मानूस आमचं पानी पितो, अन् आमच्याच गावची मानसं आमाला हिरीला शिवू देत न्हाईत.